हिशेब आपला, मग चावी दुसऱ्याच्या हाती का?

सुक्या मेव्याचा ठोक व्यापार करणारे आमचे एक जुने स्नेही आहेत. बदाम, खजूर, मनुका, जोडीला मिरी आणि दालचिनी असा त्यांचा माल. बिलाला नंबर घालण्याची त्यांच्या दुकानाची वडिलांपासूनची एक रीत आहे. आधी महिना, मग आडवी रेघ, मग त्या महिन्यातले कितवे बिल. जुलैचे अकरावे बिल म्हणजे ७-११. वहीत ही रीत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली. २०२४ च्या जुलैत दुकानातल्या मुलाने हेच बिल एक्सेलमध्ये चढवले आणि एक्सेलने आपल्या अकलेने त्याची ७ नोव्हेंबर ही तारीख करून टाकली.

मुलाच्या ते ध्यानात आले नाही. महिनाअखेर त्याने ती शीट सीएसव्ही फाईल म्हणून साठवली, ती जीएसटीच्या ऑफलाईन टूलमध्ये टाकली, टूलने तिची जेसन फाईल बनवली आणि ती पोर्टलवर चढली. पोर्टलने हूं की चूं केले नाही. का करावे? बिलाच्या नंबरात १६ पर्यंत अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. '०७-नोव्ह' हा पोर्टलच्या दृष्टीने अगदी रीतसर नंबर आहे.

बोंब उठली ती पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की विकणाऱ्याने बिल चढवले आणि ते खरेदीदाराच्या २-बी पत्रकात उमटले, तरच खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळते. त्या गिऱ्हाइकाच्या मुनिमाने आपली खरेदीवही आणि २-बी समोरासमोर ठेवली. वहीत ७-११ आहे, पत्रकात ७-११ नाही. तिथे '०७-नोव्ह' नावाचे एक बिल आहे, आणि तेही जुलैच्या तारखेचे. अशी नऊ बिले निघाली. मुनिमाने कराएवढी रक्कम, सुमारे ३८ हजार रुपये, अडकवून ठेवली आणि वर सुनावले, 'हाजीसाहेब, आधी तुमचा हिशेब दुरुस्त करा.' चाळीस वर्षे ज्याच्या वजनकाट्यावर कुणी बोट ठेवले नाही, त्या माणसाला हे ऐकावे लागले.

पुढची गंमत अशी की मुलाने चूक सुधारायला त्या रकान्याचे स्वरूप बदलून 'टेक्स्ट' केले, तर तिथे ४५६०३ असा आकडा आला. तो अधिकच घाबरला. वास्तविक त्यात गूढ काही नाही. एक्सेल तारीख ही तारीख म्हणून ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तेव्हापासून किती दिवस झाले तो आकडा ठेवते आणि वर तारखेचा मुखवटा चढवते. ७ नोव्हेंबर २०२४ हा त्या मोजणीतला ४५६०३ वा दिवस. मूळचे ७-११ मात्र कायमचे गेले होते. ते कागदी बिलावर पाहूनच परत लिहावे लागले.

आम्ही हा किस्सा एवढ्या विस्ताराने सांगतो, कारण यात लबाडी कुणाचीच नव्हती. सीए साहेबांचा दोष नाही, त्यांच्याकडे जे आले ते त्यांनी पाहिले. मुलाचाही फारसा नाही. दोष आहे तो हिशेब एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याच्या आपल्या गाफील पद्धतीचा. हे ओतण्याचे काम हाताने, माऊसने, दरमहा नव्याने आणि घाईत करण्याऐवजी एकदाच नीट लिहून ठेवलेल्या चार ओळींच्या कोडकडून करवून घ्यावे, आणि तो कोड आपल्या स्वतःच्या मालकीचा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'कोड' हा शब्द ऐकून पान उलटू नका. ज्याला विणकामाचा नकाशा वाचता येतो, त्याला हे अवघड नाही.

आधी भांड्यांची ओळख करून घेऊ. एक्सेलची आजची नेहमीची फाईल, एक्सएलएसएक्स, ही २००७ च्या आवृत्तीपासून आली. ती खरे तर एक गाठोडे आहे. तिच्या नावाचे शेपूट बदलून झिप केले की आतल्या छोट्या छोट्या फाईली उघड्या दिसतात. तिच्यात सूत्रे, रंग, अनेक शीट असे सगळे राहते. त्याआधीची एक्सएलएस ही जुनी फाईल. तिच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात, तर नवीत १०,४८,५७६. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. एका ओळीत एक नोंद, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, बस्स. रंग नाही, सूत्र नाही, दुसरी शीट नाही. बँका आणि सरकारी टूल हिच्यावर खूश, कारण ती कुणालाही वाचता येते. जेसनही मजकूरच, पण प्रत्येक आकड्यासोबत त्याचे नाव लिहिलेले असते, म्हणून पोर्टलला ती सोयीची. टॅलीसारख्या हिशेबी सॉफ्टवेअरला पूर्वीपासून एक्सएमएल चालते, अलीकडच्या आवृत्त्या एक्सेलमधूनही सरळ घेतात. आणि पीडीएफ म्हणजे फोटो काढल्यासारखे. पाहायला उत्तम, पण समोरच्याने त्यावर बेरीज करू म्हटले तर हात बांधलेले.

जुन्या एक्सएलएसच्या ओळींचा विषय किरकोळ समजू नका. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळले. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाईली जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या. साचा भरला की पुढच्या नोंदी मुकाट्याने सांडत होत्या. त्या माणसांच्या संपर्कात कोण आले, याचा शोध त्यामुळे दिवसेंदिवस लांबला. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्रणेचे हे झाले, तर आपल्या दुकानातल्या मुलाला किती रागवायचे? आणि एकट्या ७-११ चे तरी काय घेऊन बसलात. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-१' अशा धाटणीची नावे असलेल्या जनुकांना एक्सेल इतक्या वेळा तारखा करून टाकत असे की २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. शास्त्रज्ञ एक्सेलपुढे नमले! आता नव्या एक्सेलमध्ये ही आपोआप बदलण्याची खोड बंद करण्याची सोय आली आहे, पण आपल्याकडच्या दुकानांतले एक्सेल किती जुने असते हे आम्ही जाणतो.

आपल्या धंद्यात या खोडीचे बळी कोणते? पहिला, पुढचे शून्य. बदामाचा एचएसएन कोड ०८०२, खजुराचा ०८०४, मनुक्यांचा ०८०६, मिरीचा ०९०४. एक्सेलला हे आकडे वाटतात, आणि आकड्याच्या पुढच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ते ८०२, ८०४ करून मोकळे होते. असे तीन अंकी कोड अस्तित्वातच नाहीत. कापडवाल्यांचे नशीब चांगले, सुती ग्रे कापडाचा ५२०८ शून्याने सुरू होत नाही.

दुसरा बळी लांब आकडे, आणि इथे प्रश्न कारागिराच्या पोटाचा आहे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नीट सांभाळते. सोळावा अंक आला की त्याचे शून्य करते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. जरीकाम करवून घेणाऱ्या एका कारखानदाराने २२ कारागिरांची मजुरी ईदच्या आधी बँकेच्या एकगठ्ठा फाईलने पाठवली. त्यांपैकी सहा जणांचे खाते १६ अंकी, आणि शेवटचा अंक सहाही जणांचा शून्य झालेला. नशिबाने त्या नंबरांची खाती नव्हती म्हणून रक्कम परत आली, पण सण उलटून गेल्यावर. असते एखादे खाते, तर? बँक रक्कम जमा करते ती खाते क्रमांकावर. तो बरोबर देणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. 'आम्ही हातावरचे कारागीर, आम्हाला या फाईलींशी काय करायचे' असे म्हणणाऱ्यांनी त्या सहा घरांना विचारावे.

तिसरा बळी आपली मराठी. इथे दुसऱ्याचे कशाला, आमच्याच कचेरीतले सांगतो. वर्गणीदारांची यादी आम्ही मराठीत ठेवली होती. टपालाच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी ती नेहमीच्या 'सीएसव्ही' पर्यायाने साठवली, आणि साडेचारशे वर्गणीदारांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहिल्या. एक्सेलचा साधा सीएसव्ही पर्याय जुन्या इंग्रजी अक्षरसंचात लिहितो, त्याला देवनागरी किंवा उर्दू ठाऊक नाही. यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' नावाचा वेगळा पर्याय आहे, तो निवडावा लागतो. शिवाय आम्ही तीच मूळ फाईल सीएसव्ही म्हणून साठवून बंद केली होती, त्यामुळे तिच्यातील थकबाकीच्या दुसऱ्या शीटमध्ये त्या दिवशी केलेल्या नोंदीही गेल्या. सीएसव्हीत फक्त समोर उघडी असलेली शीट जाते. हा धडा आम्हाला फुकट मिळालेला नाही.

आता कोड काय करतो ते पाहू. एक्सेलच्या आतच १९९३ पासून व्हीबीए नावाची भाषा आहे. ऑल्ट आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबली की तिची खिडकी उघडते. तीत चार-सहा ओळी लिहून एका बटणाला जोडल्या की महिनाअखेरचे काम एका टिचकीचे. फाईल कोणत्या प्रकारात साठवायची हे एका आकड्याने सांगायचे असते. ५१ म्हणजे नेहमीची एक्सएलएसएक्स, ५६ म्हणजे जुनी एक्सएलएस, ६ म्हणजे साधी सीएसव्ही, ६२ म्हणजे यूटीएफ-८ ची. पीडीएफसाठी वेगळी आज्ञा आहे. नुसते फाईलचे शेपूट बदलून '.सीएसव्ही' लिहिले आणि आकडा ५१ च ठेवला, तर एक्सेल नकार देते किंवा कुणालाही न उघडणारी फाईल तयार होते. पोत्यावरचा छाप बदलला म्हणून आतला गहू बासमती होत नाही.

पण बटण दाबण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, सीएसव्ही करताना एक्सेल आत जे आहे ते लिहीत नाही, पडद्यावर जे दिसते ते लिहिते. रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविरामासह दिसत असेल तर ती तशीच जाते आणि पुढचे टूल अडखळते. दर दोन दशांशांपर्यंत दिसत असेल तर तिसरा दशांश गेला. म्हणून चांगला कोड आधी शीटची प्रत करतो, मूळ फाईलला हात लावत नाही, प्रतीतल्या रकान्यांचे मुखवटे काढतो आणि मग लिहितो.

दुसरी गोष्ट तारखांची. ही आम्हाला सर्वांत धोक्याची वाटते. व्हीबीए अमेरिकन वळणाची आहे. तुमच्या संगणकावर तारीख आधी दिवस मग महिना अशी असली तरी कोडमधून सीएसव्ही साठवताना किंवा उघडताना ती आधी महिना धरते. त्यामुळे आलेली फाईल कोडने उघडली की ५/१२ चे १२ मे होते, ११/१२ चे १२ नोव्हेंबर. १३ तारखेपासून पुढच्या मात्र सरळ दिसतात, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे महिन्याची पहिली बारा दिवसांची बिले बिघडलेली, उरलेली ठीक, आणि वरवर पाहणाऱ्याचा डोळा नेमका खालच्या ठीक ओळींवर! आज्ञेच्या शेवटी 'लोकल' हा एक शब्द खरा म्हणून जोडला की संगणकाचीच रीत पाळली जाते. त्याहून बरे म्हणजे तारीख कोडनेच मजकूर करून लिहावी, कारण प्रत्येकाची मागणी निराळी. जीएसटीच्या ऑफलाईन टूलला सीएसव्हीत ०५-डिसें-२०२४ अशा धाटणीची (महिना इंग्रजी तीन अक्षरांत) लागते. विवरणपत्राच्या जेसनमध्ये ०५-१२-२०२४ अशी. ई-इनव्हॉईसच्या जेसनमध्ये, म्हणजे ५ कोटींच्या वरच्या उलाढालवाल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून जे बंधनकारक आहे त्यात, ०५/१२/२०२४ अशी तिरक्या रेघांची. एकाच बिलाच्या एकाच तारखेचे तीन पोशाख. हे दरमहा हाताने कोण करणार, आणि किती वेळ बरोबर करणार?

ज्यांच्याकडे एक्सेल विकत घेतलेले नाही त्यांनी चोरीच्या प्रतीमागे लागू नये. लिबरऑफिस फुकट आहे, २०१० पासून आहे आणि एका आज्ञेत अख्ख्या फोल्डरमधल्या फाईली सीएसव्ही किंवा पीडीएफ करून देते. पायथन ही भाषाही फुकट. तिच्यातील पांडाज नावाचे साधन एक्सेलची फाईल वाचून सीएसव्ही, जेसन, काय हवे ते लिहिते. आमचा कल पायथनकडे आहे, आणि त्याला कारण आहे. तिथे एकदाच सांगता येते की 'सगळे रकाने मजकूर म्हणून वाच, स्वतःचे डोके चालवू नको.' मूळ फाईलमध्ये नंबर बरोबर लिहिला असेल तर शून्य जात नाही, सोळावा अंक जात नाही, ७-११ ची तारीख होत नाही. अर्थात मूळ शीटमध्येच एक्सेलने घोळ केलेला असेल तर पायथनही काही करू शकत नाही. म्हणून बिल नंबर, एचएसएन, खाते क्रमांक, मोबाईल या रकान्यांना लिहायला बसण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचे. आधी, नंतर नव्हे.

कोडच्या शेवटच्या दोन ओळी आमच्या मते सर्वांत मोलाच्या. त्या असाव्यात मोजणीच्या. किती ओळी घेतल्या, किती लिहिल्या, रकमेची बेरीज आधी किती आणि नंतर किती. ट्रक भरताना ताके मोजतो, उतरवताना पुन्हा मोजतो, तसे. इंग्लंडातल्या त्या साहेबांनी एवढे केले असते तरी भागले असते.

आता थोडे मालाच्या गुपिताविषयी. एका भांडी व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला भावपत्रक म्हणून एक्सेलची फाईलच पाठवली. खरेदी भावाचा रकाना त्याने लपवला होता. लपवलेला रकाना दाखवायला समोरच्याला दोन टिचक्या लागतात. पुढच्या भेटीत गिऱ्हाईक थेट त्याच्या खरेदीच्या भावापासून बोलू लागले! सीएसव्हीतही लपवलेले रकाने जातातच. पीडीएफमध्ये जात नाहीत. बाहेर काय जावे हे ठरवायचे असेल तर कोडने मोजकेच रकाने नव्या फाईलमध्ये काढावेत आणि तीच पाठवावी. त्याचप्रमाणे, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'जीएसटीचा तयार मॅक्रो' म्हणून पाठवलेली फाईल उघडून तिला परवानगी देऊ नये. बाहेरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

आमचा खरा राग मात्र आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. अनेक दुकानांत बिलिंगचे सॉफ्टवेअर असे बसवले जाते की माल आत जातो, बाहेर येत नाही. वर्गणी थकली किंवा विकणारा गाव सोडून गेला की पाच वर्षांची उधारी-वसुली त्याच्या कुलपात. पडद्यावर दिसते, छापता येते, पण फाईल काढता येत नाही, किंवा त्यासाठी वेगळे पैसे. घर भाड्याने घेताना आपण पाण्याचे विचारतो, तसे सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की माझी गिऱ्हाइके, माझी बिले, माझी बाकी मला सीएसव्हीत किंवा एक्सेलमध्ये, मला हवी तेव्हा, तुझ्या मदतीशिवाय काढता येईल काय? नुसते 'हो' ऐकून न घेता दुकानात बसून काढून दाखवायला सांगावे. जो काढून दाखवणार नाही त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

राहिला प्रश्न हे करणार कोण. प्रत्येक दुकानदाराने शिकावे अशी आमची सक्ती नाही. पण मालेगाव असो, भिवंडी असो, सोलापूर असो, आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात संगणक शिकून बसलेली मुले-मुली आहेत, जी दूरच्या कंपन्यांत अर्ज टाकत आहेत. व्यापारी मंडळांनी एकत्र येऊन एकाच धंद्यासाठी एकच कोड लिहून घ्यावा. यंत्रमागवाल्यांचा एक, मेवावाल्यांचा एक, चामड्यावाल्यांचा एक. दहा दुकानांनी वाटून घेतले तर खर्च किरकोळ. मात्र त्या मुलांना कामाचे दाम द्यावेत. 'आपलाच मुलगा आहे, पाच मिनिटांचे काम आहे' ही आपली जुनी सवय आम्हाला ठाऊक आहे. आणि कोड लिहून झाला की त्याची प्रत मंडळाकडे राहावी, कोणत्या ओळीत काय केले हे मराठीत लिहिलेले असावे. नाहीतर एका कुलपातून सुटून दुसऱ्यात अडकायचे.

आमच्या मेवावाल्या स्नेह्यांनी नऊ बिलांची दुरुस्ती पुढच्या विवरणपत्रात करून घेतली, आणि पुण्याची रक्कम दोन महिन्यांनी सुटली. मोहल्ल्यातल्या एका बीएस्सी झालेल्या मुलीने त्यांना पायथनचा पंचवीसेक ओळींचा कोड लिहून दिला. बिलाचा नंबर मात्र त्यांनी बदलला नाही. मुलीने सुचवले होते, 'चाचा, आधी एक अक्षर लावा, म्हणजे एक्सेललाही कळेल.' ते म्हणाले, 'बेटी, नंबर अब्बांनी घातलेला आहे. एक्सेलला तू समजाव.' तिने रकाना टेक्स्ट करून दिला, कोडच्या शेवटी बेरीज घातली आणि आपली फी सांगितली. त्यांनी ती घासाघीस न करता दिली, हे त्यांच्या दुकानात आम्ही प्रथमच पाहिले.